देवराईतील दुर्मिळ वृक्षांची ऋतुनोंद

तेरेखोल नदीकाठच्या बांद्याच्या आसपास, सावंतवाडी व दोडामार्ग या दोन तालुक्यांत, ग्रामदेवतांच्या नावे राखलेल्या लहानमोठ्या देवराया आहेत. काजू, सुपारी व अलीकडे रबर यांच्या लागवडीसाठी भोवतालची राने मोकळी होत गेली. तथापि देवाचे रान म्हणून या राया टिकल्या. सीतेचा अशोक, रानजायफळ, सुरंगी, कडू कवठ असे वृक्ष आणि सप्तरंगीसारखी झुडपे यांचा उरलासुरला ठेवा या भागात अशाच ठिकाणी आढळतो.

राई राखली म्हणजे झाड राखले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा होय. जुना वृक्ष उभा आहे, परंतु त्याच्या छायेत एकही रोप नाही, असे जेथे दिसते तेथे त्या जातीचा वंश खुंटत चालला असे समजावे. रोपे तयार करावयाची तर पक्व बी योग्य दिवसांत हाती आले पाहिजे. आणि ते दिवस कळण्यासाठी झाडाच्या ऋतुचक्राची नोंद ठेवली पाहिजे.

बी साठवून का चालत नाही

भाताचे बियाणे उन्हात चांगले वाळवून कणगीत ठेवले म्हणजे पुढील पेरणीपर्यंत टिकते. सदाहरित रानातील पुष्कळ वृक्षांचे तसे नाही. त्यांच्या बियांत पाण्याचा अंश मोठा असतो. बी ओल्या पाचोळ्यात पडून लवकर रुजावे, अशीच तिची निसर्गतः रचना असते. ती वाळली की आतील अंकुर मरतो. रानजायफळाचे बी उघड्यावर ठेवल्यास थोड्याच दिवसांत निकामी होते. अशोकाचे बीही फार काळ टिकत नाही. सबब, हंगाम चुकला तर वर्ष वाया गेले असे समजावे.

काही प्रमुख जाती

सीतेचा अशोक : साधारणतः माघापासून चैत्रापर्यंत खोडावर व फांद्यांवर केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. कोवळ्या शेंगा जांभळट असतात. पिकल्यावर त्या काळपट व चिवट होतात. पावसाच्या तोंडावर झाडाखाली पडलेले टपोरे बी गोळा करून, रात्रभर पाण्यात भिजवून लगेच पेरावे. औषधासाठी साल काढण्याच्या हव्यासाने हा वृक्ष विरळ झाला आहे. बागांतून लावला जाणारा उंच, सरळ ‘आसुपालव’ हा वेगळा वृक्ष असून त्याला अशोक समजू नये.

सुरंगी : फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जुन्या फांद्यांवर कळ्या लगडतात. वळेसरांसाठी फुलांना व सुकवून विकण्यासाठी कळ्यांना चांगली मागणी असल्याने कित्येक घरांना यापासून उत्पन्न मिळते. मात्र झाडावरील सर्व कळ्या उतरविल्या तर फळ धरत नाही, आणि फळ नाही तर रोपही नाही. यास्तव प्रत्येक वाडीने फळ धरणारे निदान एक झाड बियाण्यासाठी राखावे. कळ्यांसाठी फांद्या तोडण्याची रीत तर सर्वथा सोडावी, कारण पुढील फुलोरा त्याच जुन्या फांद्यांवर यावयाचा असतो.

रानजायफळ : रातांब्याप्रमाणे यातही नर व मादी झाडे निरनिराळी असतात. नर झाड निरुपयोगी म्हणून तोडल्यास मादी झाडाला फळ धरणार नाही. बियांवरील पत्री, म्हणजेच बाजारातील रामपत्री, काढून घेतल्यावर बी फेकू नये. ओल्या वाळूत सावलीत पेरावे. धनेशासारखे मोठे पक्षी ही फळे खाऊन बी दूरवर टाकतात. अशा पक्ष्यांचा वावरही वहीत नोंदवावा.

सप्तरंगी : हिची मुळे औषधासाठी खणली जातात व त्यामुळे झुडूप समूळ नष्ट होते. जेथे ही आढळेल तेथे फुलाफळांची नोंद ठेवावी व मुळास हात लावू नये.

बांबर्डेचे उदाहरण

दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील देवराईत पाणथळ जागी वाढणाऱ्या, दुर्मिळ जातीच्या जायफळवर्गीय वृक्षांचे वन आहे. सुमारे अडीच हेक्टरांच्या या क्षेत्रास शासनाने २०२१ साली जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. या वृक्षांची मुळे श्वासोच्छ्वासासाठी गुडघ्याप्रमाणे चिखलातून वर येतात. अशा ठिकाणचा झरा बागायतीकडे पूर्णपणे वळविला, तर कुऱ्हाड न लावताही रान सुकेल. झऱ्याचे पाणी केव्हा वाढते व केव्हा ओसरते, हीदेखील म्हणून ऋतुनोंदच होय.

नोंद कशी ठेवावी

प्रथम गावकर व मानकरी यांची संमती घ्यावी. प्रत्येक जातीची शक्य तर तीन ते पाच झाडे निवडून त्यांना क्रमांक द्यावेत. खोडात खिळे ठोकू नयेत. काथ्याच्या सैल दोरीने पाटी बांधावी. दर पंधरवड्यास, व फळे पिकण्याच्या सुमारास दर आठवड्यास, एकाच व्यक्तीने फेरी घालावी. वहीत पुढील रकाने पुरेसे आहेत : दिनांक, नवी पालवी, कळी, फुले, कोवळे फळ, पक्व फळ, खाली पडलेले बी, झाडाखालील रोपांची संख्या आणि त्या पंधरवड्यातील पाऊस. प्रत्येक अवस्थेपुढे ‘नाही’, ‘थोडे’ किंवा ‘पुष्कळ’ एवढे लिहिले तरी चालेल. सतत फुलूनही कधीच फळ न धरणाऱ्या झाडापुढे खूण करावी. ते बहुधा नर असते.

बी गोळा करताना सर्व बी उचलू नये; निम्म्याहून अधिक रानातच राहू द्यावे. राईतील पाचोळा झाडून नेऊ नये, कारण नवे रोप त्याच्याच ओलीत रुजते. तयार झालेली रोपे मिरगाचा पाऊस स्थिरावल्यावर राईच्या कडेला, ओढ्याकाठी व कुळागरात लावावीत.

एका वर्षाच्या नोंदीवरून अंदाज येतो. तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून गावाचे स्वतःचे फळपंचांग तयार होते. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत त्याचा समावेश करावा. शाळेतील मुलांना या कामी सोबत घेतल्यास नोंदीत खंड पडणार नाही. वाडवडिलांनी श्रद्धेने वृक्ष राखले. त्यांची संतती वाढविण्याचे काम आपल्याकडे आले आहे, आणि एक वही, एक पेन्सिल व पंधरा दिवसांतून एक सकाळ एवढ्या साधनांनी ते आरंभता येते.