धनुष्याचा भार आणि खांद्याचा सांधा

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी धनुर्विद्येत जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण मिळवून पुरुषांचे अजिंक्यपद पटकावले. त्यानंतर कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिलेल्या कोलशेतमधील आईबापांनाही आपल्या मुलाच्या हाती धनुष्य द्यावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. मात्र त्या धनुष्याचा भार किती, हे आधी विचारले पाहिजे.

हिशेब साधा आहे. ऑलिंपिकमधील रिकर्व्ह धनुष्य पूर्ण ताणण्यास प्रौढ पुरुष खेळाडूला सुमारे २० किलोचा जोर लावावा लागतो. दिवसाकाठी ३०० बाण सोडले, की ही ओढ सहा हजार किलोंवर जाते, आणि तीही त्याच सांध्यांवर, त्याच दिशेने. आदिती व ओजस यांचे कंपाउंड धनुष्य त्या मानाने दयाळू. त्याची चाके नेम धरतेवेळी बराचसा भार आपल्यावर घेतात. तथापि, ताणतानाचा भार त्यांनाही चुकत नाही.

खांद्याचा गोळा उथळ खोबणीत बसलेला असतो. त्याला जागेवर ठेवतात ते भोवतालचे लहान स्नायू. धनुष्य जड असले की मूल थकते, धनुष्य धरलेला खांदा कानाकडे चढतो आणि स्नायूची कंडरा हाडाखाली चिमटली जाते. दोरी पाठीच्या बळावर न ओढता मनगटाने व दंडाने ओढली, तर कोपर धरते. शिवाय स्नायू काही आठवड्यांत बळावतात, कंडरांना मात्र कित्येक महिने लागतात. मुलाला ताकद आल्यासारखी वाटते, आणि नेमक्या त्याच काळात दुखापत होते.

म्हणूनच आरंभ हलक्या धनुष्याने, त्याआधी रबरी पट्ट्याने व्हावा. बाणांची संख्या सावकाश वाढवावी. परीक्षेच्या सुटीनंतर पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठू नये. सरावानंतरचा शीण रात्रभरात ओसरतो. सकाळीही टिकणारी किंवा झोपमोड करणारी कळ हा शीण नव्हे. बोटांना मुंग्या येत असतील, तर वैद्याकडेच जावे.

अडचण वेगळीच आहे. निवड चाचणी जवळ आली, दहावी-बारावीचे क्रीडागुण दिसू लागले, की मूल दुखणे लपवते, आणि खरे सांगायचे तर वडीलधाऱ्यांनाही ते ऐकायचे नसते. शाळेत हजेरीपट असतो. तशी सोडलेल्या बाणांची आणि दुखऱ्या दिवसांची एक वही मैदानावर ठेवण्यास शिक्षकांना काहीच खर्च येणार नाही.