विश्लेषण : धडा उत्तम, पण वेळेत पोहोचला का?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, शाळांची छपरे उडाली, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. करोनामुळे शाळा आधीच बंद होत्या. ४७ दिवसांनी, २० जुलैला, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली.

‘टिलीमिली’चे गणित काय होते?

एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारित होती. आठ इयत्ता, प्रत्येकीचे ६० भाग, एकूण ४८०. रविवार वगळता रोज आठ. लेखन, तपासणी, चित्रीकरण, संकलन यांतली एक पायरी अडली की पुढच्या सगळ्या अडतात. प्रक्षेपणाची वेळ मात्र कुणासाठी थांबत नाही. इथे नुसते चांगले शिकवता येणे पुरत नाही.

इन्स्ट्रक्शनल डिझायनर काय शिकतो?

अभ्यास-साहित्याचा आराखडा करणाऱ्या या व्यावसायिकाला पहिल्यांदा ‘ॲडी’ पद्धत शिकवतात : विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. १९७५मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकी लष्करासाठी केलेल्या कामातून ती आली. ती कामाचा क्रम सांगते; कोणी, कधीपर्यंत, किती खर्चात, हे सांगत नाही. त्यासाठी प्रकल्प व्यवस्थापन लागते, आणि ते नोकरीत ठेचा खात शिकण्यापेक्षा प्रशिक्षणातच शिकलेले बरे.

अडते कुठे?

बहुधा मंजुरीत. स्टोरीबोर्डवरची चूक पेनाने सुधारते. तीच ध्वनिमुद्रणानंतर सापडली तर स्टुडिओ, निवेदक, संकलक सगळे पुन्हा जमवावे लागतात. विषयतज्ज्ञाचा ‘जाता जाता एवढा एक बदल’ सगळ्यात महाग पडतो. म्हणून किती फेऱ्यांत दुरुस्त्या, लेखी होकार कोणाचा, कोणत्या तारखेला, हे आधीच ठरवायचे असते.

किनाऱ्यावर वेगळे काय?

जोखमीची यादी. ठरलेल्या वेळी वीज नसेल तर त्या घरापुरता तो भाग झालाच नाही, मग तो कितीही सुंदर असो. पावसाळ्यात इथे वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची, तेव्हा छापील कृतिपत्रिका हा पर्याय योजनेतच हवा. पण त्या जूनमध्ये मुलांच्या हाती द्यायच्या तर छपाई मेमध्ये आणि मजकुराला मंजुरी एप्रिलमध्ये मिळायला हवी. एप्रिलमध्ये तपासणारे शिक्षक परीक्षा आणि निकालांत बुडालेले असतात.