मनोऱ्यात तुमची लेक वर आहे का?

स्नेहसंमेलन जवळ आलं, की मुली घरभर कोलांट्या मारायला लागतात. आणि मनोऱ्यात सगळ्यांत वर कोण? तर वर्गातली सगळ्यांत हलकी मुलगी! आपल्याला कौतुकही वाटतं आणि पोटात गोळाही येतो. तिला ‘नको’ म्हणू नका. ती खाली कशी उतरणार, एवढं मात्र विचारा.

आधी घरातली कोलांटी. पलंगावर मुळीच नको हं! गादी दबते, मान मुडपते आणि पोरगी कडेवरून खाली. जमिनीवर दोन-तीन गोधड्या अंथरा. हनुवटीखाली रुमाल धरायला सांगा. रुमाल पडला, की हनुवटी छातीपासून सुटली असं समजा. भार आधी तळहातांवर, मग खांद्यांच्या मागच्या बाजूवर. टाळूवर कधीच नाही. हवेतल्या उड्या तर जाणत्या शिक्षकाशिवाय नकोतच.

मनोऱ्यात हात-गुडघे टेकलेल्या मुलीवर चढताना भार तिच्या खांद्यांवर आणि कमरेच्या हाडावर द्यायचा, पाठीच्या मधोमध नव्हे. उतरताना वरची आधी. खालची दुखलं म्हणून एकदम सरकली, तर सगळ्याच कोसळतात. तिने तोंडाने सांगायचं आणि वरच्यांनी लगेच उतरायचं. बाजूंना आणि पाठीमागे झेलणाऱ्या धट्ट्याकट्ट्या मुली हव्यात. त्यांची नजर सतत वर. पडणारीचं डोकं आणि मान सांभाळायची ती त्यांनीच. मला ही जागा सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी तिथेच नाचता न येणारी मुलगी उभी करतात!

बांगड्या, कानातलं काढून ठेवा. मोजे फरशीवर घसरतात. नऊवारी नेसून मनोरा करायचा असेल, तर सरावही काष्टा घालूनच हवा.

“बाईंना विचारलं तर राग येईल,” असा संकोच नको. मीही शिकवते, आईने विचारलेलं शहाण्या शिक्षिकेला खुपत नाही. दहीहंडीच्या थरांत १४ वर्षांखालील मुलं चढवणार नाही, असं राज्य सरकारने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं होतं. मग आपली पाचवीतली पोर किती वर चढतेय, हे आपण विचारायला नको?

पडल्यावर मान दुखते, हातापायांना मुंग्या येतात असं म्हणाली, तर तिला उचलून बसवू नका. तशीच राहू द्या आणि १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर हळदीचं दूध देऊन झोपवायचं नाही. तडक हॉस्पिटल गाठायचं, मग रात्रीचे बारा वाजलेले का असेनात.