बाहेरची शिष्यवृत्ती आणि कॉलेजचा हिशेब

अमेरिकेत बारावीतली मुलं कॉलेजबाहेरच्या शिष्यवृत्त्या शोधतात, तेव्हा नजर आधी मोठ्या नावांवर जाते. कोका-कोला स्कॉलर्समध्ये देशभरातून दरवर्षी १५० जणच निवडले जातात; प्रत्येकी २०,००० डॉलर. मला गावातला रोटरी क्लब, आईवडिलांची कंपनी, शाळेच्या समुपदेशकाकडची यादी जास्त भरवशाची वाटते. रक्कम लहान, पण स्पर्धकही मोजके. एच-४ व्हिसावरच्या मराठी घरांनी नागरिकत्वाची अट आधी वाचावी. ग्रीन कार्डाअभावी बरेच दरवाजे बंद असतात.

एक गोष्ट फार थोडे विचारतात. बाहेरून पैसे आले की काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढी कमी करतात. मेरीलँडने २०१७मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांपुरता याला कायद्याने आळा घातला. इतरत्र आर्थिक साहाय्य कार्यालयाला लेखी विचारा: कपात कर्जात होणार की अनुदानात?