रात्रीचे छायाचित्र आणि यंत्राचा हिशेब

सिद्धेश्वर तलावातील मंदिराचे दिवे पाण्यात उतरले, की ते दृश्य छायाचित्रात धरावेसे वाटते. फिल्मचा स्वयंचलित कॅमेरा तिवईवर बसवावा, कळ दाबावी, बाकीचे तो पाहील, अशी आपली समजूत असते. दिवसा ती बहुधा खरी ठरते. रात्री मात्र हा हिशेब चुकतो. का चुकतो, ते समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रकाशमापक उजेडाच्या प्रमाणात झडप किती वेळ उघडी ठेवायची ते ठरवतो. १९६६ च्या याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये हा काळ तीस सेकंदांपर्यंत जाई. १९७५ चा ऑलिंपस ओएम-२ तर झडप उघडी असताना फिल्मवरून परतणारा उजेडच मोजी. परंतु यंत्र उजेड मोजते, दृश्य ओळखत नाही. समोरचे सारे सरासरी करडे आहे, असे ते धरून चालते. म्हणून काळे आकाशही करडे होते, रात्रीची सांज होते आणि दिव्यांच्या जागी पांढरे डाग उरतात. उपाय सोपा आहे. फिल्मच्या वेगाची तबकडी १०० ऐवजी २०० वर ठेवली, की काळ निम्मा होतो. ४०० वर ठेवली, की चौथाई.

दुसरी अडचण फिल्मची आहे. उजेड निम्मा तर वेळ दुप्पट, हा नियम बुन्सेन आणि रॉस्को यांनी १८६२ मध्ये मांडला. मंद उजेडात तो ढळतो, हे कार्ल श्वार्झशिल्ट या जर्मन ज्योतिर्विदाने ताऱ्यांची छायाचित्रे अभ्यासताना दाखवले. फिल्मवरील चांदीच्या क्षाराच्या कणावर प्रतिमा टिकण्यासाठी चांदीचे काही अणू एकत्र जमावे लागतात. प्रकाश फार सावकाश आला, तर दुसरा अणू जमण्यापूर्वीच पहिला विस्कटतो. गळक्या घागरीत थेंबथेंब पाणी टाकावे, तशी ही गत. कोडॅकच्या कोष्टकाप्रमाणे ट्राय-एक्स फिल्मला मापकाचे दहा सेकंद म्हणजे प्रत्यक्षात पन्नास आणि शंभर सेकंद म्हणजे बाराशे! उलट, फुजीच्या अॅक्रॉसला दोन मिनिटांपर्यंत दुरुस्ती लागत नाही. म्हणजे एक चूक चित्र उजळ करते, तर दुसरी काळवंडते. कधी दोन्ही एकमेकींना खोडतात आणि चित्र चांगले येते. पण त्याचे श्रेय दैवाचे, यंत्राचे नव्हे.

तिसरी गोष्ट गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाची. धावती ठिणगी फिल्मच्या एका बिंदूवर क्षणभरच असते. झडप दोन सेकंद उघडी ठेवा वा दहा, त्या रेषेची उजळी तीच राहते. वेळ वाढवल्याने रेषांची संख्या तेवढी वाढते. उजळी ठरते ती भिंगाच्या छिद्रावरून. येथे मापकाला रजा द्यावी. १०० वेगाची फिल्म, छिद्र ८ किंवा ११ आणि झडप ‘बी’ खुणेवर धरून आकाशात फूल उमलून विझेपर्यंत थांबावे.

यंत्र टाकून द्यावे, असा याचा अर्थ नाही. त्याचा आकडा आरंभ म्हणून घ्यावा, फिल्मचे कोष्टक पाहावे, कमीअधिक वेळ देऊन तीन चित्रे घ्यावीत आणि प्रत्येकाचा काळ वहीत टिपावा. संक्रांतीचा हा सोहळा वर्षातून एकदाच येतो आणि फिल्म धुतल्याशिवाय काय साधले ते कळत नाही. मोजणे यंत्रावर सोपवता येते. रात्र किती काळी ठेवायची, हा निर्णय मात्र आपणच घ्यावा लागतो.