मोठ्या दुकानाचे दोन आवाज



दिवाळीच्या आधीचा रविवार होता. मी, माझी बहीण आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा असे तिघे शहरातल्या एका मोठ्या दुकानात खरेदीला गेलो होतो. बहीण पणत्या निवडत होती, मी चकलीच्या भाजणीचे पुडे पाहत होतो. एवढ्यात तिचा आवाज आला, "दादा, छोटू तुझ्याजवळ आहे ना?"

छोटू माझ्याजवळ नव्हता.

आम्ही जवळच्या रखवालदाराकडे धावलो. त्याने प्रथम बहिणीला धीर दिला, "बेन, चिंता ना करो," आणि मग तीन प्रश्न विचारले. शर्टाचा रंग कोणता? पायात काय आहे? शेवटचा कुठे दिसला? खांद्याजवळ अडकवलेल्या वॉकी-टॉकीचे बटण दाबून तो हळू आवाजात काहीतरी बोलला. मिनिटाभरात छतातून "टिंग-टाँग" असा नाद आला आणि छोटूचे नाव पुकारले गेले. पुन्हा एकदा पुकारले गेले. कोणीच आले नाही.

सात-आठ मिनिटांनी रखवालदाराचे यंत्र खरखरले. तळमजल्यावरच्या लिफ्टजवळ लाल शर्ट आणि निळ्या चपला घातलेला मुलगा सापडला होता. बाबांसारखाच शर्ट घातलेल्या एका गृहस्थांच्या मागे तो चालत गेला होता. "नाव पुकारले तेव्हा तू आला का नाहीस?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "ते माझं नाव नव्हतं. मी छोटू आहे." बहिणीने घाबरून दाखल्यावरचे पूर्ण नाव सांगितले होते आणि त्या नावाने त्याला घरी कोणीच हाक मारत नव्हते!

त्या दिवसापासून मी मोठ्या दुकानांचे हे दोन आवाज लक्षपूर्वक ऐकू लागलो. एक आवाज फक्त कर्मचाऱ्यांसाठी, दुसरा सर्वांसाठी. ते कसे चालतात ते आज पाहू.

हाक पुरेनाशी झाली

सयाजीराव महाराजांच्या काळात, 1906 साली, आपल्या शहरात खंडेराव मार्केट बांधले गेले. अशा जुन्या बाजारात दुकानदार गादीवरून हाक मारी आणि मागच्या खोलीतला मुलगा माल घेऊन येई. दुकान हाकेच्या टप्प्यात होते. आता आपल्या सुभानपुऱ्याच्या परिसरातच पाहा. 2013 मध्ये गोरवा रस्त्यावर इनऑर्बिट मॉल सुरू झाला. अशा इमारतीत मजले अनेक, तळघरात वाहनतळ, मागे गोदाम. तिथे हाक मारून काय होणार?

"मग मोबाईल का नाही वापरत?" असे तुम्ही विचाराल. मोबाईलवर नंबर लावावा लागतो, घंटी वाजते, समोरचा उचलतो, आणि एवढे करून निरोप एकालाच मिळतो. वॉकी-टॉकीचे बटण दाबले की त्या चॅनलवरचे वीस-पंचवीस जण एकाच वेळी ऐकतात. तळघरात मोबाईलचे सिग्नल अनेकदा मिळत नाहीत, पण हे संच एकमेकांशी थेट बोलतात, त्यांना मोबाईल कंपनीच्या मनोऱ्याची गरज नसते.

पहिला आवाज : वॉकी-टॉकी

बिनतारी लहरी भिंत ओलांडून जातात हे जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कोलकात्यात जाहीरपणे दाखवले होते. दूर ठेवलेली घंटा त्यांनी अशा लहरींनी वाजवली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या मोटोरोला कंपनीने सैनिकांसाठी हातात धरता येणारा संच तयार केला. त्याचे वजन सव्वादोन किलोच्या आसपास होते. आजचा संच शर्टाला अडकवता येतो.

हा संच एखाद्या अरुंद पुलासारखा असतो. एका वेळी एकाच बाजूची वाहने जाऊ शकतात. बटण दाबलेले असताना तुम्ही फक्त बोलू शकता, सोडल्यावर फक्त ऐकू शकता. दोघांनी एकदम बटण दाबले तर कोणाचेच धड ऐकू येत नाही. म्हणून बोलणे संपले की "ओव्हर" म्हणण्याची पद्धत पडली. नवखे लोक बटण दाबताक्षणी बोलू लागतात आणि त्यांचा पहिला शब्द कापला जातो. "नको पाठवू" मधला "नको" गेला तर काय गोंधळ होईल, याची कल्पना करा! म्हणून शिकवताना सांगतात की बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला.

दुकानात चॅनल वाटून दिलेले असतात. सुरक्षा रक्षकांचा एक, बिलिंग काउंटरचा एक, गोदामाचा एक. त्यामुळे "साखर संपली, दोन पोती पाठवा" हा निरोप रखवालदाराच्या कानात कटकट करत नाही. पण गंभीर प्रसंग आला की सर्वांनी कोणत्या चॅनलवर यायचे, हे आधीच ठरवलेले असते.

इमारतीत वापरायचे संच साधारणपणे 400 ते 470 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. 450 मेगाहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे 67 सेंटिमीटर येते. 150 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 2 मीटर. लहान लहरी दारे, खिडक्या आणि बोळांच्या फटींतून अधिक सहज शिरतात. मात्र जाड काँक्रीट आणि लोखंडी मांडण्या त्यांनाही अडवतात. हातातल्या संचाची शक्ती अवघी 1 ते 5 वॅट असते. इमारत फार मोठी असेल तर उंच जागी एक मोठा संच बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेला निरोप त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर अधिक जोराने पुढे पाठवतो. त्याला रिपीटर म्हणतात.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. साध्या वॉकी-टॉकीवरचे बोलणे गुप्त नसते. त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरा संच लावला की ते ऐकता येते. म्हणून शहाणे कर्मचारी गल्ल्यात किती रोकड आहे हे त्यावर बोलत नाहीत, आणि कानात श्रवणयंत्रासारखी नळी लावतात. शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला "चोर" हा शब्द ऐकू गेला आणि संशय खोटा ठरला, तर एका निरपराध माणसाची अब्रू जाते.

दुसरा आवाज : पुकारा

आता छतातला आवाज. त्याचे भाग आपल्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात दिसतात तेच आहेत : मायक्रोफोन, अँप्लिफायर आणि स्पीकर. फरक जोडणीत आहे. मैदानावर दोन-चार भोंगे असतात, दुकानात चाळीस-पन्नास छोटे स्पीकर आणि शेकडो मीटर तार.

लांब तारेत शक्ती वाया जाते. दहावीच्या मुलांना माहीत आहे की तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून अँप्लिफायर आवाजाचा विद्युतदाब 100 व्होल्टपर्यंत चढवतो आणि प्रत्येक स्पीकरजवळ एक छोटा ट्रान्सफॉर्मर तो पुन्हा उतरवतो. दाब दहापट केला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दहावा हिस्सा लागतो आणि तारेतला तोटा शंभरावा हिस्सा होतो. वीज केंद्रातून शहरापर्यंत वीज आणताना हीच युक्ती वापरतात. हिशेबही सोपा आहे. प्रत्येकी 6 वॅटचे 40 स्पीकर म्हणजे 240 वॅट, आणि त्याहून थोडा मोठा अँप्लिफायर.

एकच मोठा भोंगा का लावत नाहीत? आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. 34 मीटर दूरच्या भोंग्याचा आवाज तुमच्यापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो. तोवर जवळच्या भोंग्याचा पुढचा शब्द आलेला असतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. मैदानाच्या दोन टोकांना भोंगे लावले की भाषण का कळत नाही, याचे कारण हेच. छतात पुष्कळ स्पीकर लावून प्रत्येकाचा आवाज हळू ठेवला, तर शब्द स्पष्ट ऐकू येतात.

पुकाऱ्याचेही विभाग पाडता येतात. वाहनतळात चुकीच्या जागी लावलेल्या गाडीची सूचना फक्त तळघरात, आणि दुकान बंद होण्याची सूचना सगळीकडे. आधीचा "टिंग-टाँग" हा शोभेसाठी नसतो. बोलण्यात गुंतलेल्या माणसाचे कान त्यामुळे सावध होतात आणि पहिला शब्द हुकत नाही.

कोणता शब्द कोणत्या आवाजात?

या दोन्ही यंत्रांपेक्षा अवघड गोष्ट म्हणजे कोणता निरोप कुठे द्यायचा हे ठरवणे.

1981 साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अ‍ॅडम वॉल्श नावाचा सहा वर्षांचा मुलगा एका मोठ्या दुकानातून हरवला. आईच्या सांगण्यावरून दुकानात त्याचे नाव पुकारले गेले, पण तो जिवंत परत मिळाला नाही. पुढे 1994 मध्ये वॉलमार्टने आपल्या दुकानांत एक पद्धत सुरू केली आणि तिला त्याचे नाव दिले : "कोड अ‍ॅडम". मूल हरवल्याचे कळताच हा शब्द पुकारायचा. तो ऐकताच नेमलेले कर्मचारी हातातले काम सोडून शोध घेतात आणि दारांवर लक्ष ठेवतात. दहा मिनिटांत मूल सापडले नाही तर पोलिसांना बोलावतात. या पद्धतीत मुलाच्या पायातले जोडे आवर्जून विचारले जातात, कारण कोणी मुलाला पळवत असेल तर शर्ट पटकन बदलता येतो, जोडे नाही. आमच्या रखवालदाराचा दुसरा प्रश्न आता कळला ना?

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आहे. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागून 59 माणसे दगावली. तिथे प्रेक्षकांना बाहेर पडण्याची सूचना देणारा पुकारा झालाच नाही, हे पुढे खटल्यात समोर आले. त्या काळोखात आणि धुरात एक स्पष्ट वाक्य किती मोलाचे ठरले असते! म्हणूनच मोठ्या इमारतीतली पुकारा यंत्रणा वीज गेली तरी चालली पाहिजे आणि वेळोवेळी तपासली गेली पाहिजे.

कायदा विसरू नका

हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पोलीस, अग्निशमन दल आणि विमाने याच लहरींवर बोलतात. म्हणून भारतात बहुतेक वॉकी-टॉकींसाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. 2018 च्या नियमांनुसार 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यातले कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त संच परवान्याशिवाय वापरता येतात. फ्रिक्वेन्सीची माहिती न देता असे संच इंटरनेटवर विकले जात असल्याने 2025 मध्ये केंद्राने विक्रेत्यांसाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा "खेळणे आहे" म्हणून कोणताही संच मागवू नका. आधी फ्रिक्वेन्सी पाहा.

एवढे करा

गर्दीत जाण्यापूर्वी धाकट्या भावंडाचा त्या दिवसाच्या कपड्यांत, पायातल्या चपलांसह एक फोटो काढून ठेवा. त्याला आईबाबांचे पूर्ण नाव आणि एक मोबाईल नंबर पाठ करायला लावा. हरवलास तर दुकानाबाहेर जायचे नाही, बिलिंग काउंटरवरच्या ताई-दादांकडे किंवा गणवेशातल्या रखवालदाराकडे जायचे, हे त्याला सांगा. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे, तोही शिकवा.

आणि त्याला शाळेतल्या नावाने अधूनमधून हाक मारत जा. आमच्या घरी आता रोज सकाळी हजेरी होते. छोटू कंटाळतो, पण "हजर" म्हणतो.