कच्च्या ताटाचे पक्के गैरसमज

चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ आठवा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटायची, त्यात किसलेली कैरी, मिरची, मीठ, ओलं खोबरं. वरची फोडणी सोडली तर या पदार्थाची विस्तवाशी गाठ पडत नाही. लिंबू पिळलेली काकडीची कोशिंबीर, मोड आलेले मूग, आगळ आणि नारळाच्या दुधाची सोलकढी हीसुद्धा त्याच पंगतीतली. ‘रॉ व्हीगन’ हे नाव बाहेरून आलं असलं, तरी तसं अन्न मराठी घरात आधीपासून आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे ते पानात डाव्या बाजूला वाढतात आणि या आहारात सगळं पान त्यानंच भरायचं असतं.

नियम थोडक्यात असे. मांस, मासे, अंडी, दूध, दही, तूप, मध बंद. जे उरेल ते ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवायचं नाही. नेमका आकडा कोणता यावर पंथातच मतभेद आहेत. भाकरी, भात, वरण, चहा जाणार हे उघड आहे. गूळ जातो हे मात्र अनेकांच्या उशिरा लक्षात येतं, कारण उसाचा रस काहिलीत आटवल्याशिवाय ढेप होत नाही. पोहेही जातात. दडपे पोहे चुलीवर चढत नसले, तरी पोहे होण्याआधी भात भिजवून, भाजून मगच कुटलेला असतो. भाजक्या शेंगदाण्याचं कूट गेलं की महाराष्ट्रातल्या निम्म्या कोशिंबिरी पोरक्या होतात.

आणि काजू? रॉ केक, रॉ चीज, रॉ आइस्क्रीम या सगळ्यांचा पाया भिजवलेले ‘कच्चे’ काजू. पण काजूच्या टरफलात कातडी पोळणारं तेल असतं. त्यामुळे कारखान्यात बी आधी वाफवतात किंवा भाजतात, मग फोडतात, मग गर पुन्हा उष्णतेनं सुकवतात. पाकिटावरच्या ‘रॉ’ या शब्दाचा अर्थ फक्त खारवलेले-तळलेले नाहीत, एवढाच. कच्चे काजू हवेतच, तर कोकणातले ओले काजूगर आहेत. ते सोलणाऱ्या बायकांची बोटं चिकानं पोळतात आणि भावही तसाच पोळणारा असतो.

पंथाचा लाडका सिद्धान्त एन्झाइमचा. अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड हॉवेल यांनी तो मांडला आणि १९८५च्या ‘एन्झाइम न्यूट्रिशन’ या पुस्तकातून तो सर्वदूर गेला. माणूस जन्माला येताना एन्झाइम्सचा ठरावीक साठा घेऊन येतो, शिजवलेलं अन्न पचवताना तो सरत जातो, आणि कच्च्या अन्नातली ‘जिवंत’ एन्झाइम्स हा खर्च वाचवतात, असं त्याचं सार. पण एन्झाइम्स म्हणजे प्रथिनं. जठरातलं आम्ल त्यांची घडी मोडतं आणि डाळीतल्या प्रथिनांसारखीच तीही पचून जातात. लाळेतलं अमायलेज, स्वादुपिंडातलं लायपेज शरीर आयुष्यभर अमिनो आम्लांपासून नव्यानं घडवत असतं. साठा वगैरे काही नसतो. एक बारीकशी सवलत या सिद्धान्ताला द्यावी लागते. कोबी, ब्रोकोली, मुळा यांत मायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं. भाजी चिरल्यावर ते एक उपयुक्त गंधकयुक्त द्रव्य तयार करतं आणि खूप उकळल्यावर निकामी होतं. पण त्यासाठी चूल विझवायची गरज नाही, भाजी चिरून थोडा वेळ ठेवली आणि मग परतली तरी पुष्कळसं साधतं.

‘शिजवलं की सत्त्व जातं’ हे अर्धं खरं आहे. क जीवनसत्त्व आणि फोलेट उष्णतेनं घटतात आणि भाजी उकडून पाणी फेकणाऱ्या घरात तर मोरीत जातात. पण कॉर्नेल विद्यापीठात २००२ साली टोमॅटो ८८ अंशांवर अर्धा तास तापवून पाहिला, तेव्हा क जीवनसत्त्व २९ टक्क्यांनी घटलं आणि लायकोपीन हे त्यातलं लाल रंगद्रव्य अडीच पटींच्या वर गेलं. उष्णतेनं पेशींच्या भिंती सैल होतात आणि आत अडकलेलं द्रव्य बाहेर येतं. जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं कच्चं खाणाऱ्या सुमारे दोनशे लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा बीटा कॅरोटीन उत्तम निघालं, पण तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांत लायकोपीन नेहमीच्या पातळीखाली होतं. गाजराची गोष्टही अशीच आहे. किंचित तेलात परतलेल्या गाजरातलं कॅरोटीन कच्च्यापेक्षा जास्त अंगी लागतं. कच्च्या आहाराला आयुर्वेदाचं बिरूद लावणाऱ्यांनी चरकसंहितेचं विमानस्थान उघडून पाहावं. जेवणाच्या नियमांत तिथे पहिलाच नियम गरम अन्न खाण्याचा आहे.

मग या आहारानं वजन उतरतं, कोलेस्टेरॉल घटतं, हे खोटं का? अजिबात नाही. गीसनच्या १९९९च्या पाहणीत पाचशेहून अधिक कच्चे-आहारी होते. सरासरी पावणेचार वर्षांत पुरुषांचं वजन सुमारे १० किलोनं आणि बायकांचं १२ किलोनं उतरलं होतं. बेकरी, तळण, साखर आणि तूप एका दिवसात बंद केल्यावर दुसरं काय होणार? श्रेय कच्चेपणाचं नसून बहुतांशी या वगळण्याचं आहे. त्याच पाहणीतली दुसरी बाजू मात्र जाहिरातीत येत नाही. उतरणारं वजन योग्य जागी थांबत नाही. चारातली एक स्त्री प्रमाणाबाहेर कृश झाली होती आणि ४५च्या आतल्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित किंवा पूर्ण बंद झाली होती. काही गुरू याचंही कौतुक करतात, शरीर ‘शुद्ध’ झाल्यानं पाळी थांबली म्हणतात. खरं तर ती उपासमारीची खूण आहे. उष्मांक अपुरे पडले, की शरीर आधी प्रजननाचं काम थांबवतं आणि इस्ट्रोजेन घटलं की हाडं ठिसूळ होऊ लागतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. त्यामुळे असा सल्ला इथे जरा जपूनच द्यावा.

कोलेस्टेरॉलचंही तसंच. २००५ साली त्याच संशोधकांनी २०१ जणांची तपासणी केली. वाईट म्हणून ओळखलं जाणारं एलडीएल छान खाली होतं, पण चांगलं एचडीएलही जवळजवळ निम्म्या लोकांत कमी होतं. ३८ टक्के लोकांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती आणि त्यापायी होमोसिस्टीन हे हृदयाला घातक मानलं जाणारं द्रव्य वाढलेलं होतं.

बी-१२ वर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात दाट गैरसमज इथेच आहेत. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, वनस्पती बनवत नाहीत. स्पिरुलिनात ते भरपूर असतं असं पाकिटं सांगतात. त्यात मुख्यतः असतं ते त्याच्यासारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न चालणारं द्रव्य. सेंद्रिय भाजी न धुता खाल्ली की मातीतून बी-१२ मिळतं, हा आणखी एक सल्ला. अशा भाजीतून बी-१२ मिळण्याची खात्री नाही, जंताची अंडी मिळण्याची शक्यता मात्र चांगली आहे. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला ‘मला काही झालं नाही’ असं म्हणता येतं. मग हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा सुरू होतो आणि उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान भरून येत नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. ही माणसं कच्चं खाणारी नव्हती, दूध-दही खाणारी होती. त्यांच्या ताटातलं दहीही काढून घ्यायचं, तर गोळी घेणं ऐच्छिक राहत नाही.

‘निसर्गातून आलं ते निर्धोक’ हा समज मराठी स्वयंपाकघरात टिकूच नये, कारण अळू खाजतं हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. अळवाच्या पानांत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चिंच-आमसूल घालून नीट शिजवण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. ग्रीन स्मूदीत कुठलंही हिरवं पान चालतं, असं मानणाऱ्यानं अळवाचं पान एकदा नुसतं चावून पाहू नये. राजम्यातलं लेक्टिन त्याहून वाईट. चार-पाच कच्चे दाणे उलट्या-जुलाबांना पुरतात, आणि अर्धवट तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही बाधू शकतो. तो भिजवून, पाणी बदलून खळखळ उकळायलाच हवा. दुधीच्या रसाचं प्रकरण तर आपल्याच देशातलं. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यानं एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनं या रसाचा अभ्यास केला. दोष कुकरबिटासिन या कडू द्रव्याचा. समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी फोड चाखा, कडू लागली तर दुधी फेकून द्या. रस ‘औषध’ म्हणून नाक दाबून पिणाऱ्यांसाठी हाच सल्ला सगळ्यात अवघड.

मोडांबद्दल मात्र कुणी संशय घेत नाही. मे २०११मध्ये उत्तर जर्मनीत घातक ई. कोलायची साथ पसरली, सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. आधी आळ आला स्पेनच्या काकडीवर, तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं, आणि शेवटी माग पोचला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांना आणलेल्या मोडांपर्यंत. बियांच्या भेगांत लपलेले जिवाणू ऊब आणि ओलावा मिळाला की झपाट्यानं वाढतात, वरून धुऊन जात नाहीत. मोडांची उसळ शिजवून खाणाऱ्या घराला हा धोका जवळजवळ नसतो. रोज वाटीभर कच्चे मोड खाणाऱ्या गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसाला तो असतो.

‘चूल नाही म्हणजे कटकट नाही’ असं वाटत असेल, तर एका दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. २,००० उष्मांक काकडीतून मिळवायचे तर सुमारे १३ किलो काकडी लागेल, केळ्यांतून मिळवायचे तर २० केळी. म्हणून प्रत्यक्षात भार पडतो ओला नारळ, बदाम, अक्रोड, खजूर यांवर, आणि महिन्याच्या बिलावर. शिजवण्याचा वेळ वाचतो तो भिजवण्यात, मोड आणण्यात, बदामाचं दूध गाळण्यात, डिहायड्रेटरमध्ये रात्रभर चकत्या सुकवण्यात आणि चावण्यात जातो. चिंपांझी दिवसाचे सहा-सहा तास चावण्यात घालवतात, असं हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम सांगतात. कचेरीत जाणाऱ्याला ते परवडणारं नाही. घरात एकानंच हा वसा घेतला, तर बाकीच्यांचा स्वयंपाक चालूच राहतो. दोन्हीकडची तयारी बहुधा एकाच बाईच्या अंगावर पडते, याची नोंद अशा आहाराच्या पुस्तकांत सापडत नाही. दातांचीही एक किंमत असते. १३० कच्चे-आहारींच्या जर्मन पाहणीत आठवड्याला सरासरी साडेनऊ किलो फळं खाल्ली जात होती आणि ६० टक्के लोकांच्या निदान एका दाताचं आवरण आम्लानं गंभीर झिजलं होतं. फळ खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता चूळ भरावी, हे दंतवैद्य म्हणूनच सांगतात.

अशा चर्चेत कुणी ना कुणी गांधीजींचा दाखला देतोच. त्यांनी १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, हे खरं. मोड आलेले गहू आणि हरभरे, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू आणि मध, असं ते अन्न होतं. ‘यंग इंडिया’त त्यांनी त्याबद्दल उत्साहानं लिहिलं. पण दाखला तिथेच थांबवणं बरोबर नाही. काही महिन्यांत त्यांना आमांश झाला, शक्ती गेली आणि प्रयोग थांबला. तेही त्यांनी छापून सांगितलं. दूध सोडण्याचं त्यांचं व्रतही १९१८-१९च्या मोठ्या आजारपणात वाकलं. नवस गाईच्या-म्हशीच्या दुधाचा होता, तेव्हा बकरीचं दूध घ्यायला हरकत नाही, ही पळवाट कस्तुरबांनी काढली आणि बकरीचं दूध पुढे त्यांच्या आहारात राहिलं. कच्च्याचा पुरस्कार करणाऱ्यांना गांधी हवे असतात, त्यांची बकरी नको असते.

मोठा माणूस स्वतःवर प्रयोग करू शकतो, मुलाला तो निवडता येत नाही. लहानग्याचं पोट छोटं आणि गरज मोठी. चोथा भरपूर, उष्मांक कमी अशा अन्नानं पोट भरतं आणि वाढ खुंटते. २०१९ साली अमेरिकेत फ्लोरिडात दीड वर्षाचं मूल कुपोषणानं गेलं. आईच्या दुधाखेरीज त्याला फक्त कच्ची फळं आणि भाज्या दिल्या जात होत्या. २०२२ साली आईला जन्मठेप झाली.

औषधं चालू असलेल्यांची अडचण वेगळी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यानं एकदम भात-पोळी सोडली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंड कमजोर असेल, तर केळी, नारळपाणी, टोमॅटोतलं पोटॅशियम साचतं, आणि रोजच्या पालकाच्या स्मूदीतलं ऑक्झलेट उरलेलं मूत्रपिंडही बिघडवू शकतं. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्याच्या ताटात हिरवा पाला एकाएकी वाढला, तर त्यातल्या के जीवनसत्त्वानं गोळीचा परिणाम घटतो. त्यानं बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगून रक्ताची आयएनआर तपासणी ठरवून घ्यावी, कारण त्याच्या गोळीचा डोस जुन्या ताटाच्या हिशेबानं बसवलेला असतो.